क्लच गेला, पण डाव्या हाताचं काय? स्कूटरवरून ऑटोमॅटिक मोटरसायकलकडे जाताना

भाऊबीजेला ताई आणि भाची घरी आल्या होत्या. भाची अमळनेरला राहते, नोकरी धुळ्याला. जाऊन-येऊन रोज सत्तरेक किलोमीटर, आणि तेही आठ वर्षं स्कूटरवर. जेवणं झाल्यावर पाठ दाबत म्हणाली, “मामा, बिना गिअरनी मोटरसायकल मिळस का?”

प्रश्न तिचा एकटीचा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तेव्हापासून आमच्या गल्लीत नवी गाडी घेण्याची भाषा सुरू आहे. त्यातच मोबाईलवर व्हिडिओ फिरतात: क्लच नाही, गिअरचा पाय नाही, मोटरसायकल आपली पळतेय. स्कूटरवाल्यांना वाटतं, हे तर आपल्यासाठीच केलंय. रेस द्यायची, ब्रेक दाबायचा, संपलं.

तसं ते अर्धंच खरं आहे. यंत्राने कोणतं काम अंगावर घेतलं आणि कोणतं तुमच्याकडेच ठेवलं, एवढं कळलं तर पैसे आणि हाडं दोन्ही वाचतील.

गिअर लागतातच कशाला?

पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढणारा हमाल पाहा. तो छोटी-छोटी पावलं टाकतो. पोतं उतरवून मोकळ्या रस्त्याला लागला की तोच माणूस लांब ढांगा टाकतो. ताकद तीच, फक्त पावलाची लांबी बदलली. गिअर म्हणजे इंजिनाच्या पावलाची लांबी. पहिला गिअर छोटं पाऊल, पाचवा लांब ढांग. पेट्रोल इंजिनाला हे लागतंच, कारण ते एका ठरावीक वेगाने फिरत असतानाच नीट जोर देतं. फार हळू फिरवलं तर गचके खाऊन बंद पडतं.

आणि क्लच? भुसावळला आगगाडीचं इंजिन सोडताना-जोडताना ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. इंजिन आणि डबे क्षणभर वेगळे करायचे, मग हळूच, धक्का न लागता पुन्हा जोडायचे. मोटरसायकलचा क्लच इंजिन आणि चाक यांच्यात हेच करतो. नवशिका “हळूच” विसरतो आणि गाडी घोड्यासारखी उडी मारते.

स्कूटरला पाऊल बदलायला कोण शिकवतं?

आपण स्कूटरला “बिना गिअरची” म्हणतो, पण पावलाची लांबी तिलाही बदलावी लागते. फक्त ती टप्प्याटप्प्याने न बदलता सरकत-सरकत बदलते. या रचनेला सीव्हीटी म्हणतात.

पिठाच्या गिरणीतला पट्टा डोळ्यांसमोर आणा. दोन चाकं आणि त्यांवरून फिरणारा पट्टा. आता कल्पना करा की यातलं प्रत्येक चाक मधोमध चिरलेलं आहे, उतरत्या कडांच्या दोन ताटल्यांसारखं. ताटल्या लांब असल्या की पट्टा आत, मधोमध जाऊन बसतो, म्हणजे चाक लहान झालं. ताटल्या जवळ आल्या की पट्टा बाहेर ढकलला जातो, म्हणजे चाक मोठं झालं. इंजिन जोरात फिरू लागलं की आतले जड रोलर बाहेर फेकले जातात आणि ताटल्या जवळ ढकलतात. ना संगणक ना तार, नुसता फिरण्याचा जोर.

क्लचही असाच. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवली असेल तर हाताला आठवेल: हळू फिरवली तर दोरी लोंबते, जोरात फिरवली की ताणून बाहेर धावते. स्कूटरच्या क्लचचे गुटके तसेच बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या डब्याला चिकटतात आणि चाक फिरू लागतं. रेस सोडली की पुन्हा आत. म्हणून सिग्नलला स्कूटर बंद न पडता उभी राहते.

१९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, तेव्हापासून आपल्याकडे हा पट्टा आहे. मग हाच उचलून मोटरसायकलला का लावत नाहीत? पट्टा थोडा घसरतो, तापतो, थोडी ताकद खातो. शिवाय बहुतेक स्कूटरचं इंजिन, पट्टा आणि मागचं चाक हा एकच गठ्ठा असतो. चाक खड्ड्यात गेलं की अख्खा गठ्ठा त्याच्यासोबत उडी मारतो. भाचीची पाठ दुखते ती इथे, आणि त्यात मागचं चाक दहा-बारा इंचांचं. मोटरसायकलचं इंजिन चौकटीत घट्ट बसलेलं असतं आणि चाक सतरा-अठरा इंचांचं. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं. तिला मोटरसायकल हवी होती ती खरं तर या चाकासाठी. गिअरचं काय ते नंतरचं.

यंत्र गिअर बदलतं म्हणजे नेमकं काय करतं?

“ऑटोमॅटिक मोटरसायकल” या एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. इथेच लोकांचा घोळ होतो.

पहिली ई-क्लच. यात गिअर पायानेच टाकायचा, फक्त क्लच मोटर दाबते. डाव्या हाताला क्लचची दांडी असते, पण वापरली नाही तरी चालतं. होंडाच्या ६५० सीसीच्या गाड्या अशा येतात. ही निम्मीच ऑटोमॅटिक.

दुसरी एएमटी. गिअरबॉक्स नेहमीचाच, त्याला एक नोकर ठेवला असं समजा. क्लच दाबणं, गिअर बदलणं सगळं तो नोकर करतो. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरियो कारला हे दिलं, तेव्हा बसलेल्यांना गिअर बदलताना मान पुढे झुकल्याचं आठवत असेल. यामाहा आणि बीएमडब्ल्यू यांनी अलीकडे हेच तंत्र आपल्या मोठ्या मोटरसायकलींना बसवलंय, आणि त्यांचा नोकर कारवाल्यापेक्षा खूप चपळ आहे.

तिसरी डीसीटी, म्हणजे दोन क्लचची. मला सगळ्यांत हुशार हीच वाटते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरात मांडे होताना पाहिलेत ना? एकीचा मांडा खापरावर शिजतोय, तोवर दुसरी पुढचा मांडा हातांवर झेलत वाढवतेय. पहिला उचलला की दुसरा पडला. चूल रिकामी राहत नाही. डीसीटीत एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. गाडी तिसऱ्यात पळत असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. मागे बसलेल्याला कळतही नाही. होंडाने २०१० च्या व्हीएफआर १२०० एफ पासून मोटरसायकलला हे दिलं. चुकतं कधी? तुम्ही ट्रक ओलांडायला अचानक मूठ पिळता तेव्हा. यंत्राने वरच्या गिअरची तयारी केलेली असते आणि मागणी येते खालच्याची. मांडा वाढून तयार आणि पाहुणा म्हणतो, मला भाकर. क्षणभर थांबावं लागतं.

चौथी विजेची. तिला गिअर बदलायचे नसतात, कारण विजेची मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते. हमालाला पाऊल छोटं करावंच लागत नाही. (अहमदाबादच्या मॅटर कंपनीने तरीही विजेच्या मोटरसायकलला चार गिअर आणि क्लच दिला आहे. गिअर टाकल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांची सोय!)

मग शोरूममध्ये जाऊन घेऊन येऊ?

थांबा. आपल्याकडे पेट्रोलवर चालणारी खरी ऑटोमॅटिक मोटरसायकल म्हणजे श्रीमंतांचं काम. होंडाची ७५० सीसीची एक्स-एडीव्ही २०२५ मध्ये भारतात आली, तेव्हा तिची किंमत बारा लाखांच्या घरात होती. ती दिसायलाही अर्धी स्कूटर, अर्धी मोटरसायकल. होंडाच्याच आफ्रिका ट्विन, गोल्ड विंग या मोटरसायकली त्याहून वर. शिवाय ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर आता ४० टक्के जीएसटी. बारा लाखांत आमच्याकडे ट्रॅक्टर येतो आणि वर ट्रॉलीही.

स्वस्तात असा प्रयत्न झालाच नाही असं नाही. टीव्हीएसने २००९ मध्ये जाईव्ह नावाची ११० सीसीची मोटरसायकल आणली होती. गिअर पायाने, क्लचची दांडी नाही. त्याआधी हिरो होंडाची स्ट्रीटही तशीच होती. दोन्ही बंद झाल्या. माझं मत विचाराल तर त्या दोन घरच्या पाहुण्या ठरल्या. स्कूटरवाल्याला पाय हलवायचा नव्हता आणि मोटरसायकलवाल्याला क्लच सोडायचा नव्हता.

म्हणजे खिशाला परवडणारी, डाव्या हाताला आणि डाव्या पायाला सुट्टी देणारी मोटरसायकल आज एकच उरते: विजेची. रिव्होल्ट, ओबेन, ओला यांच्या गाड्या लाखाच्या आतबाहेरपासून सुरू होतात. पुढे “ऑटोमॅटिक” म्हणेन तेव्हा बहुतेक वेळा हीच समजा.

डाव्या हाताची गोष्ट

मी एका मित्राची विजेची मोटरसायकल मागून आणली आणि रविवारी भाचीला बाजार समितीच्या मोकळ्या आवारात नेलं. तिने पहिली फेरी सुरेख मारली. मला वाटलं, झालं की. दुसऱ्या फेरीत एक कुत्रं आडवं आलं. तिने डाव्या हाताची चारही बोटं गच्च मिटली. तिथे काही नव्हतं. मित्राच्या त्या गाडीला मागचा ब्रेक उजव्या पायाशी आहे, डावीकडे नुसती मूठ. गाडी तशीच पुढे. कुत्रं हुशार होतं, म्हणून बरं.

उतरल्यावर ती घाबरून म्हणाली, “काय करू मामा, हात आपोआप दाबाई जास.”

हे होणारच. स्कूटरला डाव्या हाताला मागचा ब्रेक, उजव्या हाताला पुढचा. त्यात १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना २०१९ मध्ये एकतर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) नाहीतर जोडब्रेक सक्तीचा झाला, आणि स्कूटरला बहुतेक जोडब्रेकच आला. म्हणजे डावी दांडी एकटी दाबली तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. सोय चांगली, पण तिने आपली पिढी डावखुरी केली. कितीतरी स्कूटरवाले उजवी दांडी वापरतच नाहीत. आठ वर्षं रोज पन्नास वेळा डावा हात दाबला, तर डोक्याने ठरवण्याआधी हात दाबून मोकळा होतो.

गिअरच्या मोटरसायकलवर घाबरून डावा हात मिटला तर क्लच दाबला जातो. गाडी थांबत नाही, उलट इंजिनापासून सुटून मोकळी धावते. ऑटोमॅटिकवर हवा दाबली जाते. दोन्हीकडे अर्धा सेकंद गेला. ताशी ५० किलोमीटर वेगात अर्ध्या सेकंदात गाडी सात मीटर पुढे जाते. कपाशीने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली रात्री पारोळ्याच्या रस्त्यावर समोर उभी असेल तर सात मीटर म्हणजे काय, ते वेगळं सांगत नाही.

म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा रंग आणि स्क्रीन नंतर पाहा. आधी विचारा, मागचा ब्रेक कुठे आहे? एक्स-एडीव्हीला तो स्कूटरसारखा डाव्या हाताला आहे, आफ्रिका ट्विनच्या डीसीटीला उजव्या पायाला. विजेच्या गाड्यांत कंपनीप्रमाणे बदलतं. स्कूटरवरून येणाऱ्याने डाव्या हाताला ब्रेक असलेली गाडी मिळाली तर तीच घ्यावी. भले चार हजार जास्त जावोत.

हळू चालवणं जास्त अवघड

लोकांना वेगाची भीती वाटते. माझ्या अनुभवात नवा माणूस पडतो तो ताशी पाच किलोमीटरने, भाजीबाजारात वळताना.

स्कूटरवर पाय मोकळे, वजन खाली, पडायला लागली तर पाय टेकला की सावरली. साध्या स्कूटरचं वजन शंभर-एकशेदहा किलो. मोटरसायकल जड, वजन जरा वर, आणि मध्ये टाकी. ती पकडायची असते गुडघ्यांनी, हातांनी नव्हे. हातांनी पकडली की हँडल आखडतं आणि वळण बिघडतं.

गिअरवाला बाजारात क्लच अर्धा दाबून गाडी रांगवतो. ऑटोमॅटिकला ती सोय नाही. रेस किंचित वाढली की गाडी पुढे झेपावते आणि सोडली की मंदावते. उपाय एकच, आणि तो व्हिडिओंत कुणी सांगत नाही: रेस अगदी हलकी, एकसारखी ठेवायची आणि मागचा ब्रेक किंचित घासत ठेवायचा. रेस आणि ब्रेक दोन्ही एकदम, हे स्कूटरवाल्याला पाप वाटतं. पण त्यानेच गाडी मुठीत राहते. विजेच्या काही गाड्यांत मात्र ब्रेक दाबताच मोटरचा जोर तुटतो, तिथे ही युक्ती चालत नाही. पुढचा ब्रेक मात्र हँडल वळलेलं असताना दाबू नका. पडण्याचा तोच सरळ मार्ग.

आणखी एक. विजेची गाडी आवाज करत नाही, चालू आहे की बंद कळत नाही. टपरीवर चहा घेताना भाच्याला पुढे बसवलं आणि त्याने मूठ पिळली, की गाडी चहावाल्याच्या स्टोव्हवर. उतरताना चावी बंद. आधी चावी, मग चहा.

घाट उतरताना काय होतं?

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरकडे आमच्याकडचे बरेच जण दुचाकीवर जातात. चढताना अडचण नाही, खरी परीक्षा परततानाच्या उतारात. गिअरवाला दुसरा गिअर टाकून ठेवतो आणि इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. स्कूटर वेग कमी झाला की क्लच सोडून देते, मग सगळा भार ब्रेकवर. ब्रेक सतत दाबले की तापतात, तापले की धरत नाहीत.

डीसीटी स्वतः गिअर उतरवते, पण पुढे वळण आहे हे तिला दिसत नाही. म्हणून मुठीजवळ अधिक-उण्याची बटणं असतात, ती उतारावर वापरायची असतात. विजेच्या गाडीत रेस सोडली की मोटरच जनित्र होऊन गाडीला ओढते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते, ओढ कमी होते. तेव्हा घाटमाथ्यावर ढाब्यात शंभर टक्के चार्ज करून उतरू नका.

बंद पडली तर धक्का देऊन चालू होईल?

नाही. डीसीटी बंद केली की न्यूट्रलमध्ये जाते, ढकलून काही होत नाही. त्याच कारणाने उतारावर ती गिअरमध्ये ठेवून उभी करता येत नाही. पार्किंगचा वेगळा ब्रेक लावावा लागतो. विजेच्या गाडीचं तर विचारूच नका, उचलून टेम्पोत. तालुक्याच्या गावात तिचा जाणकार मिस्त्री आहे का, हे गाडी घेण्याआधी पाहायचं.

मेच्या उन्हात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तापलेल्या बॅटरीला लगेच चार्जिंगला लावणं तिच्या आयुष्याला मारक. सावलीत तासभर निवू द्या. आणि कंपनी सांगते ते किलोमीटर हमरस्त्यावरच्या वेगात मिळत नाहीत. धुळे ते जळगाव नव्वदेक किलोमीटर एका दमात, मागे माणूस, समोरून वारा, असा हिशेब करूनच बॅटरी निवडा.

लायसन्स?

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये दोन प्रकार आहेत: गिअर नसलेली मोटरसायकल आणि गिअर असलेली. क्लच हाताने दाबायचा की नाही, यावर ही विभागणी नाही. डीसीटी आणि एएमटीत गिअर असतात. तेव्हा वाद न घालता गिअरचं लायसन्स काढा. त्यावर स्कूटरही चालते.

त्यापेक्षा गिअर शिकलेलं काय वाईट?

काही वाईट नाही. उलट लांबच्या रस्त्याला जाणाऱ्या, खेड्यात राहणाऱ्या माणसाला मी आजही शंभर-सव्वाशे सीसीची साधी गिअरची गाडीच सांगेन. एका लिटरमध्ये साठच्या आसपास चालते, कुठल्याही फाट्यावर दुरुस्त होते. क्लच पंधरा दिवसांत हाताला बसतो. “गिअर टाकता येत नाही तो कसला मोटरसायकलवाला” असं म्हणणाऱ्यांकडे मात्र लक्ष देऊ नका. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याला चाल शिकवूनच विकतात. विकत घेणाऱ्याला कुणी विचारत नाही की दुडकी तू का शिकवली नाहीस.

पण ज्याच्या डाव्या मनगटाला दुखणं आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, किंवा ज्याला रोज गर्दीतूनच जायचंय, त्याला ऑटोमॅटिक ही चैन नाही, गरज आहे. फक्त पायाशी सिलिंडर, पोतं, पिशवी ठेवायची स्कूटरची जागा जाणार, हे घरात आधी सांगून ठेवा.

भाचीने अजून ठरवलेलं नाही. पुढचे तीन रविवार आम्ही त्याच आवारात गेलो. मी एक वीट ठेवायचो, ती ताशी तीस किलोमीटरने येऊन उजवा हात आणि उजवा पाय एकत्र वापरून विटेच्या अलीकडे थांबायची. डाव्या मुठीवर तिने जुन्या ओढणीची चिंधी बांधली होती, दाबायला गेलं की बोटांना लागावी म्हणून. तिसऱ्या रविवारी वीस वेळा थांबली, दोनदाच बोटं मिटली. मग घरी जायला आपल्या स्कूटरवर बसली, फाटकाशी वळली आणि ब्रेक शोधत उजवा पाय फूटबोर्डवर आपटला.